मणक्याच्या ऑपरेशनला नऊ आठवडे : पायाची कळ गेली, मग मी रडते कशाला?

लाटणंवाली

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते. एका बैठकीत वीस मिनिटांच्या वर बसवत नाही, म्हणून तीन हप्त्यांत लिहिलंय. मध्येच सूर बदलला तर समजून घ्या.

वय ४७. साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडे माझं पोळी-भाजी केंद्र आहे. रोजच्या तीनशे पोळ्या, म्हणजे नऊ-दहा किलो कणीक. हाताखाली दोघी आहेत, पण कणीक मीच मळते, दुसऱ्या कुणाची मला पटत नाही. (हा माझा दोष. नवरा बावीस वर्षं सांगतोय.)

संक्रांतीच्या आधी गुळाच्या पोळ्यांची गडबड चालू होती, तेव्हा डाव्या कुल्ल्यातून एक कळ निघाली. मांडीच्या बाहेरून, नडगीवरून, थेट अंगठ्यापर्यंत. वाटलं उसण भरली असेल. निर्गुडीचा शेक झाला, तेल झालं, कुणीतरी सांगितलं म्हणून वाळूची पुरचुंडी झाली. फेब्रुवारीत बसणं बंद झालं. ताट ओट्यावर ठेवून उभ्याने जेवायचे. शिंक येणार असं वाटलं की आधी भिंत धरायची, मग शिंकायचं. एमआरआयमध्ये निघालं की कंबरेतल्या एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी बाहेर येऊन नस दाबतेय. गोळ्या, फिजिओ, मणक्यात एक इंजेक्शन. इंजेक्शनने बारा दिवस सुखाचे गेले, तेराव्या दिवशी कळ परत हजर. शेवटी एप्रिलमध्ये पुण्यात ऑपरेशन केलं.

शुद्धीवर आले तेव्हा पायात कळ नव्हती. कमी नाही, नव्हतीच. तीन महिन्यांत पहिल्यांदा पाय सरळ पसरला आणि सिस्टरचा हात धरून हमसाहमशी रडले.

इथवर सगळं छान आहे. आता रडगाणं.

परवा नऊ आठवडे झाले. अंगठा आणि पावलाची वरची बाजू बधिर आहे. चप्पल पायातून सुटते आणि चार पावलं गेल्यावर मला पत्ता लागतो. सकाळी कंबर लाकडासारखी असते. अर्धा तास उभं राहिलं की पाठीत कुणी वरवंटा बांधल्यासारखं होतं. मागच्या सोमवारी म्हटलं, बघू तरी, आणि केंद्रात गेले. चाळीस पोळ्या लाटल्या. एकेचाळिसावी तव्यावर होती आणि मला स्टूल ओढून बसावं लागलं. पोळी करपली. हाताखालच्या दोघी काही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

सासूबाई रोज एकदा म्हणतात, "एवढे पैसे ओतले, कंबर तशीच!" नणंदेच्या ओळखीत कुणाचं तरी ऑपरेशन ‘फसलं’ होतं, त्याची हकिकत मी आता तोंडपाठ म्हणू शकते. तपासणीला गेले तर डॉक्टरांनी पाय सरळ उचलून पाहिला, अंगठा वर ओढायला लावला, कागदावर ‘उत्तम सुधारणा’ लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तो कागद घेऊन मी लिफ्टपाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. उत्तम? कुणाची?

आणखी एक. रिपोर्टमध्ये एल-३ एल-४ आणि एल-५ एस-१ इथल्या गाद्यांनाही ‘फुगवटा’ असल्याचं लिहिलंय. ते वाचल्यापासून मी वाकणंच सोडलंय. रिमोट पडला तर मुलाला हाक मारते. पट्टा झोपतानाच काय तो काढते.

आता खरी गंमत. माझ्याच दिवशी फलटणकडच्या एका काकांचं ऑपरेशन झालं. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. व्हरांड्यात दोघं वॉकर घेऊन समोरासमोर आलो की ते म्हणायचे, "पुढे सरका, आत जागा आहे!" त्यांचा फोन येतो. काठी अजून हातात आहे, कंबर दुखते, एक पाय किंचित ओढतात. आणि विचारलं की म्हणतात, "एकदम फस्क्लास!" मी म्हटलं, काका, फस्क्लास काय त्यात? तर म्हणाले, "अगं, मला आषाढीच्या वारीत चांदोबाच्या लिंबाला उभं राहून माउलींचं रिंगण बघायचंय. गेली दोन वर्षं दहा मिनिटं उभं राहवत नव्हतं. आता राहवतं. संपला विषय."

माझे तीन प्रश्न. ऑपरेशन फसलं का? बधिरपणा जाणार का? आणि काका मन राखायला बोलतायत, की मीच नाटकं करतेय?

फिजिओताई

ताई, आधी घाईचं. लघवी-शौचाला काही त्रास? बसायच्या जागेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा? पाऊल वर उचलायची ताकद कमी होत चाललीय? ताप, जखमेतून पाणी? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर हा धागा बंद करा आणि आज, आत्ता सर्जनला गाठा.

नसेल असं धरून पुढे लिहिते. सोळा वर्षं मणक्याच्या पेशंटांना चालवतेय, तुमच्यासारखा कागद घेऊन लिफ्टपाशी उभी राहिलेली माणसं मी मोजायची सोडून दिलीत.

तुमचं ऑपरेशन पायासाठी होतं. गादीचा बाहेर आलेला तुकडा काढून नस मोकळी केली. गादी नवी बसवली नाही, कंबर नवी दिली नाही. पायाची कळ जाणं हेच त्या ऑपरेशनचं काम, आणि ते झालंय. सर्जनच्या डोक्यात तोच हिशेब असतो, म्हणून ‘उत्तम’. तुमच्या डोक्यातला हिशेब तीनशे पोळ्यांचा, म्हणून तुम्ही नापास. पेपर दोन आहेत हो, आणि ते वेगळे आहेत हे परीक्षेआधी तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. झुरिकच्या शुल्थेस क्लिनिकच्या लोकांनी २००९ साली एक अभ्यास छापला. नस मोकळी करायचं ऑपरेशन होणाऱ्यांना आधीच विचारून ठेवलं, पायदुखी किती जाईल असं वाटतं, कंबरदुखी किती, चालणं, काम, बाकीचं. वर्षाने त्याच माणसांना प्रत्यक्षात काय झालं ते विचारलं. बऱ्याच जणांनी आधी फार मोठं माप लावलेलं होतं. आणि ‘ऑपरेशनचा उपयोग झाला का’ याचं वर्षानंतरचं उत्तर त्या मापाशी, म्हणजे अपेक्षा पुरी झाली की नाही याच्याशी, घट्ट बांधलेलं निघालं.

बधिरपणाचं सांगते. साधारण क्रम असा की कळ आधी जाते, ताकद मागून येते, आणि बधिरपणा सगळ्यांत आळशी. नसेचे तंतू नव्याने वाढायचे झाले तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. कंबरेपासून अंगठ्यापर्यंत टेप लावून बघा. सगळेच तंतू मुळापासून वाढावे लागत नाहीत, त्यामुळे तेवढे दिवस धरून बसू नका. पण नऊ आठवडे म्हणजे अजून कणीक भिजतेय. थोडा बधिरपणा कायमचा राहूही शकतो, हेही आत्ताच सांगून ठेवते. तोवर घरातही मागे पट्टी असलेले सँडल घाला आणि झोपताना पाऊल डोळ्यांनी तपासा, चटका किंवा जखम कळणार नाही.

आणि काकांशी तुलना करू नका. त्या वयात दहा मिनिटं उभं राहवत नाही म्हणजे बहुतेक मणक्यातली नळी अरुंद झालेली असणार. तुमचा आजार वेगळा. दिवस एक, मजला एक, म्हणून ऑपरेशन एक होत नाही.

मणका२०१७

माझं एल-५ एस-१, २०१७ साली. बँकेत नोकरी. मी एकच गोष्ट केली, मन खंबीर ठेवलं. रोज सकाळी स्वतःला म्हणायचो, मी बरा झालो. आणि झालो! ताई, नकारात्मक विचार काढून टाका, नव्वद टक्के दुखणं तिथेच संपेल.

फिजिओताई

दादा, ते नव्वद टक्के कुठून आणलेत? :) शंभर टक्के बरं वाटेल असं मनाशी धरून आलेली माणसंच माझ्याकडे सगळ्यांत जास्त रडतात. तिसऱ्या आठवड्यात पहिली चमक निघते आणि सगळा डोलारा कोसळतो. ‘मी चालणार, मी कामाला लागणार’ ही एक आशा. ‘मला काहीच दुखणार नाही’ ही दुसरी. पहिली माणसाला खाटेवरून उठवते. दुसरी प्रत्येक दुखण्याला पराभव समजते. आणि एक विचारू? खरंच सकाळी एवढं म्हणून भागलं?

मणका२०१७

पकडलंत.

खरं सांगायचं तर पहिलं वर्ष वाईट गेलं. ऑपरेशन होऊन घरी आलो, दुसऱ्याच दिवशी आमचे एक मावसकाका भेटायला आले. उठता उठता म्हणाले, "आता जन्मभर वजन उचलायचं नाही हं. मणका एकदा उघडला की काचेचं भांडं." मुलगी तेव्हा दीड वर्षाची. त्यानंतर मी तिला उचललंच नाही. ती हात वर करून समोर उभी राहायची आणि मी खाली बसायचो, किंवा बायकोला हाक मारायचो. हळूहळू तिने माझ्याकडे येणं सोडलं, थेट आईकडे जायची. वर्षाने तपासणीत डॉक्टर सहज म्हणाले, अहो, तुम्हाला नको कुणी म्हटलं? मी मावसकाकांचं नाव सांगू शकलो नाही. घरी आलो, गुडघ्यात वाकून तिला उचललं. अकरा किलो. काही झालं नाही.

तर मघाशी ते खंबीर मनाचं लिहिलं ते आता आठवताना तसं वाटतं म्हणून. तेव्हा मी भित्राच होतो.

रोखठोक

सगळ्यांची माफी मागून, पण ऑपरेशनची गरज होती का हेच कुणी विचारत नाहीये. नेदरलँड्समध्ये २००७ साली सायटिकाच्या (नस दाबून पायात कळ येते तो आजार) २८३ पेशंटांवर चाचणी झाली. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना थांबायला सांगितलं. वर्षाने दोन्हीकडचे ९५ टक्के बरे! थांबले असते तरी चाललं असतं. गादीचा तुकडा पुष्कळदा आपोआप आक्रसतो. डॉक्टर लोक हे सांगत नाहीत.

भूलवाले आजोबा

रोखठोकराव, आकडे बरोबर आहेत, पण निम्मेच सांगितलेत. थांबायला सांगितलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी त्याच वर्षात ऑपरेशन करून घेतलं, कारण त्यांना सोसवेना. आणि ज्यांचं लवकर झालं त्यांची कळ लवकर गेली. म्हणजे ऑपरेशनने वेळ विकत मिळते. ती कुणाला किती मोलाची, ते ज्याचं त्याने ठरवायचं. या ताई तीन महिने थांबल्याच होत्या, ओट्यावर जेवत. आता झालेल्या लग्नाची कुंडली कशाला मांडता?

मी निवृत्त भूलतज्ज्ञ. ३४ वर्षं लोकांना झोपवलं. आमच्या शास्त्रातली एक जुनी गोष्ट सांगतो. १९६४ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या भूलतज्ज्ञांनी पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ पेशंटांवर एक प्रयोग छापला. काही जणांना आदल्या रात्री भूलतज्ज्ञाने बसून सांगितलं की उद्या उठल्यावर दुखेल, कुठे दुखेल, का दुखेल, आणि स्नायू सैल सोडून कूस कशी बदलायची. बाकीच्यांना दुखण्याबद्दल काहीच सांगितलं नाही. सांगितलेल्यांना वेदनाशामक जवळपास निम्मंच लागलं. औषध तेच. फरक फक्त आदल्या रात्रीच्या गप्पांचा.

मी स्वतः हे वाचून होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. आणि तरी माझ्या नोकरीत किती रात्री मी खाटेपाशी दहा मिनिटं बसलो? यादी मोठी असायची, फॉर्मवर सही घेतली, दात हलतो का विचारलं, पुढे. ‘दुखणार नाही, काळजी करू नका’ हे वाक्य मी हजारो वेळा उच्चारलं असेल. आज वाटतं, धीर म्हणून दिलेलं ते वाक्यच पुष्कळांना बाधलं असणार.

ताई, तुमच्या त्या फुगवट्यांबद्दल. कंबरेचं काहीही दुखणं नसलेल्या माणसांच्या मणक्यांचे फोटो पाहणारे सगळे अभ्यास २०१५ साली एकत्र केले गेले. चाळिशीतल्या निम्म्या आणि पन्नाशीतल्या साठ टक्के धडधाकट लोकांच्या गादीला फुगवटा निघाला. तुमच्या हाताखालच्या दोघी पोळ्या लाटता लाटता एमआरआयमध्ये घातल्या तर त्यांच्याही रिपोर्टात काहीबाही लिहून येईल. केस पांढरे झाले म्हणून कुणी वाकायचं सोडतं का?

रोखठोक

३९ टक्क्यांचं लक्षात नव्हतं. मान्य. पण ‘सांगत नाहीत’ हा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, आजोबा.

भूलवाले आजोबा

केलाच.

लाटणंवाली

सगळ्यांचे आभार. फिजिओताई, घाईच्या प्रश्नांची सगळी उत्तरं ‘नाही’ आहेत.

तुमचं ते दोन पेपरांचं वाचून फाइल काढली. संमतिपत्रावर माझी सही आहे, आणि सहीच्या वर मराठीत स्वच्छ लिहिलंय : ‘डाव्या पायाच्या वेदनेसाठी’. कंबर हा शब्द कुठेही नाही. सही करताना मी ते वाचलं होतं, अक्षरही आठवतंय. पण तेव्हा मला ऐकू काय आलं? ‘सगळं पूर्वीसारखं.’ डॉक्टर असं म्हणाले होते का? नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "ते नाही, तू म्हणाली होतीस. रिक्षात. दोनदा."

डॉक्टरांनी एवढं मात्र करायला हवं होतं, मला विचारायला हवं होतं की बाई, तुला यातून काय हवंय. मी तीनशे पोळ्या म्हणाले असते. ते हसले असते. आणि मग काहीतरी बोलणं झालं असतं.

काल सर्जनच्या दवाखान्यात फोन केला. वाकायला हरकत नाही, गुडघ्यात वाका, चालणं वाढवा, पट्टा सोडवत आणा, कणकेचं वजन अजून एकटीने उचलायचं नाही. दोन मिनिटं लागली हे विचारायला. नऊ आठवडे मी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी केंद्रात लाटणं घरंगळत शेगडीखाली गेलं. धाकटी धावली. म्हटलं थांब. ओटा धरला, गुडघे वाकवले, हात घातला. लाटणं निघालं, सोबत मागच्या दिवाळीची एक चकलीही निघाली. कंबर कुरकुरली, पण रात्री होती तेवढीच होती.

सासूबाईंना दोन पेपरांचं समजावून सांगितलं. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे कंबर तशीच." असो.

मणका२०१७

चकली खाल्ली नाहीत ना?

लाटणंवाली

(तीन आठवड्यांनी)

धागा वर काढते, कारण काकांचा फोन आला होता. पाऊण तास उभे राहिले. रिंगण सुटलं, घोडा त्यांच्या पुढ्यातून गेला, टापांखालची माती कपाळाला लावली, आणि मग एका दिंडीच्या ट्रकच्या फाळक्यावर बसून राहिले. मी म्हटलं, दोन तास म्हणत होतात ना? म्हणाले, "मी? छे! मी बघायचं म्हटलं होतं. किती वेळ ते कुठं बोललो होतो?" पाय दुखतोय का विचारलं. "दुखतोय की! ठणकतोय." आणि ज्या आवाजात सांगितलं, जणू जावयाने घड्याळ दिलंय.

माझं : काल ऐंशी पोळ्या, मध्ये दोनदा बसून. अंगठा अजून तसाच, पण परवा रात्री त्याला मुंग्या आल्या. हे बरं लक्षण की वाईट?

कणीक आता धाकटी मळते. पाणी जास्त घालते.

फिजिओताई

मुंग्या पुष्कळदा नस जागी होत असल्याची खूण असते. कळ परत आली किंवा ताकद घटली तर मात्र थांबू नका, सर्जनला दाखवा. पुढच्या तपासणीला हे सांगाच. आणि परात दोघींनी मिळून धरा, तुमच्या बाजूला हलकी येईल अशी.

लाटणंवाली

परात धरू. पाण्याचं काय करू ते सांगा.